सीटीवरून 'म्युटेशन' कळतं का? मावशीच्या फुफ्फुसातल्या गाठीबद्दल

खाडीकाठ (मालवण):
मावशी ६२ वर्षांची. विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही, चुलीचा धूर मात्र लग्न झाल्यापासून. खोकला जाईना म्हणून सीटी काढला. उजव्या वरच्या खंडात पार्ट-सॉलिड (अर्धवट भरीव) गाठ, भोवती ग्राउंड-ग्लास (धुरकट भाग), कडा काटेरी असं लिहिलंय. डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, सांगतात. मावसभावाने वाचलं की आता संगणक सीटीवरूनच म्युटेशन (गाठीच्या जनुकातला बदल) ओळखतो, त्यामुळे तो सुईला नको म्हणतोय. मावशीही घाबरली आहे. खरंच टाळता येईल का?

भाट्ये_क्षकिरण (रत्नागिरी):
ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी रोज वाचते. सुई टाळू नका. ही गाठ कर्करोगाचीच आहे का, हे अजून ठरलेलं नाही, आणि ते तुकड्याशिवाय ठरत नाही. आपल्याकडे टीबीच्या गाठीसुद्धा काटेरी दिसतात.

भावाने वाचलंय ते खोटं नाही. ईजीएफआर या जनुकात म्युटेशन असलेल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमामध्ये (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) पेशी बऱ्याचदा वायुकोशांच्या भिंतीला धरून पसरतात, आतली हवा पुरती जात नाही. म्हणून सीटीवर तो भाग पांढराफटक न दिसता धुरकट दिसतो. एएलके या दुसऱ्या जनुकात बदल असलेल्या गाठी बहुधा भरीव, रुग्ण तरुण, लिम्फ ग्रंथी सुजलेल्या. केरास या जनुकातलं म्युटेशन धूम्रपान करणाऱ्यांत जास्त. मावशीचं चित्र ईजीएफआरकडे झुकतं, हे मीही म्हणेन. पण झुकतं, एवढंच. असाच धुरकटपणा म्युटेशन नसलेल्या गाठीतही दिसतो आणि तेवढ्यावर ईजीएफआरवरची जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबची गोळी कुणी सुरू करू नये. म्युटेशन नसेल तर मोलाचे महिने फुकट जातात.

संगणकाचं म्हणाल तर तो ज्यांच्या सीटीवर शिकला तेच त्याला नीट कळतात. या कामात खूप वापरला जाणारा एक खुला संग्रह २११ रुग्णांचा आहे, स्टॅनफर्ड आणि पालो अल्टोच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातला. त्यांत धूम्रपान केलेले पुष्कळ. चुलीपुढे बसणारी कोकणातली बाई त्यात कुठे? मशीन बदललं, स्लाइसची जाडी बदलली की आकडेही हलतात. आपल्या माणसांचे सीटी आणि जीन-रिपोर्ट एकत्र जमायला हवेत असं मला फार वाटतं, पण मावशीचा इलाज त्यासाठी थांबवायचा नाही.

फिल्मवर भागवू नका, पातळ स्लाइसची सीडी मागून घ्या. मुंबईच्या टाटाला किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात दाखवायचं झालं तर तीच लागते.

बंदर_जेटी (वेंगुर्ला):
माझ्या घोवाचा असाच झाला. पयलो तुकडो लहान पडलो, कॅन्सर कळलो पण जीनच्या टेस्टीक पुरलो नाय. परत सुई घालूची लागली. आधीच सांगून ठेवा.

भाट्ये_क्षकिरण:
अगदी बरोबर. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकांच्या तपासणीसाठी पुरेसा तुकडा ठेवा, असं सुई घालण्याआधीच सांगायचं. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) तुमचा आहे, मागितल्यावर मिळतो.

खाडीकाठ:
आणि रक्तातून होतं म्हणतात ते?

भाट्ये_क्षकिरण:
होतं, पण कर्करोग आहे हे ठरल्यावर. रक्तात म्युटेशन सापडलं तर त्यावर औषध देता येतं. नाही सापडलं तर 'नाही' असं धरायचं नाही, कारण लहान गाठीतून रक्तात फारसा डीएनए उतरत नाही. तुकडा तपासावाच लागतो. मावशीला सांगा, जागा बधिर करूनच सुई घालतात, आणि नंतर फुफ्फुसाभोवती हवा साठली नाही ना हे पाहायला काही तास तिथेच ठेवून घेतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.