मदत हवी आहे: बाटलीमागे २० रुपये अनामत, ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा कसा लिहावा?

मंडळी, नमस्कार.

१ मेच्या ग्रामसभेला एक ठराव मांडायचाय आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण इतकंच की मी शाळेत शिकवते आणि सरपंचबाई माझ्या चुलत जाऊबाई. गावाचं नाव देत नाही. किल्ल्याच्या पायथ्याचं, दीडशे उंबऱ्यांचं गाव समजा. पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी गावात आमच्यापेक्षा बाहेरचीच माणसं जास्त.

कचऱ्याचं वर्णन करत बसत नाही, गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहे. गेल्या भाद्रपदात भावकीतली गाभण म्हैस मेली आणि तिच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा निघाला, तेव्हापासून पारावर रोज तोच विषय.

तीन वर्षांपूर्वी नाक्यावर माणशी २० रुपये स्वच्छता शुल्क सुरू केलं होतं. परिणाम उलटाच झाला. ओढ्याकाठी एका मुलाला मी वेफर्सचं पाकीट उचलायला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काकू, पावती फाडलीय ना, त्याचेच तर पैसे घेता तुम्ही." उद्धट नव्हता तो. त्याचा हिशेब बरोबर होता, म्हणून मला जास्त लागलं. २० रुपयांत आम्ही त्याला कचरा टाकायचा परवानाच विकला होता.

दंडाचं म्हणाल तर राज्याची २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. आमच्याकडे शिपाई एक, तोच सकाळी पाणी सोडतो. वीस जणांच्या घोळक्याकडे ५ हजार मागायला त्याला एकट्याला पाठवू? त्याच अधिसूचनेत रिकाम्या बाटल्या परत घेण्याचे दरही होते, मोठीला १ रुपया, लहानीला २. रुपयासाठी गडावरून बाटली कोण खाली आणतंय!

म्हणून अनामत. केदारनाथला २०२२ साली बाटल्यांवर क्यूआर कोड लावून १० रुपये जास्त घ्यायचे, बाटली परत दिली की पैसे परत, असा प्रयोग झाला. निलगिरीत त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दारूच्या बाटल्यांना हेच लावलं. आमच्या जंगलातही फुटक्या काचा कमी नाहीत, पण सुरुवात प्लास्टिकपासून करतोय.

कच्चा मसुदा असा:

"गडावर नेल्या जाणाऱ्या प्रत्येक प्लास्टिक बाटलीमागे रु. २०/- अनामत नाक्यावर घेण्यात यावी. खूण केलेली बाटली जो कोणी परत आणील त्यास सदर रक्कम अदा करण्यात यावी. परत न नेलेली रक्कम गड साफ करणाऱ्या महिला बचत गटास देण्यात यावी."

'जो कोणी' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. टाकलेली बाटली गुराख्याच्या पोराने आणली तर २० रुपये त्याचे. उपसरपंच म्हणतात, पोरं लोकांच्या पिशवीतून बाटल्या पळवतील. (पळवतीलही. आमच्या पोरांना मी रोज वर्गात बघते.)

विचारायचंय ते हे: ग्रामपंचायतीला अशी अनामत घेता येते का? न परतलेले पैसे बचत गटाला दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल का? आणि पावसात टिकेल अशी खूण कोणती? स्टिकर आम्ही करून पाहिले, दुपारपर्यंत लगदा होतो.

रानवाटा: १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे घनकचरा नियम वाचा. डोंगराळ भागातल्या स्थानिक संस्थांना पर्यटकांकडून शुल्क घेण्याची आणि गर्दी आवरण्याची मुभा त्यात आहे. तुमचं गाव त्यात बसतं का, हे जिल्हा परिषदेकडून लेखी घ्या. पण ते शुल्क आहे, म्हणजे पुन्हा तुमचा तो वेफर्सवाला मुलगा! अनामतीसाठी गोव्याची २०२४ ची योजना बघा. ती त्यांनी अविघटनशील कचऱ्याच्या राज्याच्या कायद्याखाली आणली. आपल्याकडेही तसा २००६ चा कायदा आहे, प्लास्टिकबंदी त्याच्याखालीच निघाली. ठरावात त्याचा उल्लेख करा.

निवृत्त ग्रामसेवक: ताई, आधी नाक्याची जागा कुणाची ते बघा. वनखात्याची असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीला बरोबर घ्या, नाहीतर पहिल्याच शनिवारी वनरक्षक नाका उठवेल. अनामत हे पंचायतीचं उत्पन्न नव्हे, लोकांचं देणं आहे. नमुना ७ ची, म्हणजे सामान्य पावती फाडा आणि नमुना १७ मध्ये, म्हणजे अनामतीच्या नोंदवहीत, नोंद ठेवा. 'परत न नेलेली रक्कम बचत गटास' हे वाक्य असंच ठेवलंत तर आक्षेप ठरलेला. किती दिवसांनी रक्कम पंचायतीची होणार ते लिहा, मग सफाईच्या कामाचा मोबदला म्हणून गटाला द्या. सूचक-अनुमोदकांत एक दुकानदार असू द्या, तो विरोधात गेला तर ठराव कागदावरच राहतो.

मुक्काम_पोस्ट: पावसाची चिंता सोडा. बाटली कोरडी पुसून पक्क्या शाईच्या मार्करने पोटावर नंबर घाला, तोच पावतीवर. झाकणावर नको, झाकण आधी हरवतं. बाकी २० रुपये मुंबई-पुण्याच्या माणसाला काहीच नाहीत, ५० करा. आणि गडावरून दुसऱ्या गावात उतरणाऱ्यांचं काय?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. ग्रामसेवक काका, जागा खरंच वनखात्याची निघाली. मंगळवारी वनपालांना भेटतोय. नाका तोवर देवळामागच्या गावठाणात घ्यायचं चाललंय. रक्कम ५० केली. दुकानदारांत एक माझे दीरच आहेत, ते अनुमोदक व्हायला तयार झालेत, पण त्यांच्या दुकानातली बाटली विकतानाच नंबर घालून द्यावी, नाक्यावर वेगळी रांग नको, या अटीवर. मला पटलं.

पलीकडे उतरणाऱ्यांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. त्या गावच्या सरपंचांना फोन केला तर म्हणाले, "बाटल्या आमच्याकडे येणार, पैसे तुमच्याकडे राहणार, मग आम्ही का मोजायचे?" दोन गावांनी मिळून असं काही चालवल्याचा कुणाला अनुभव आहे का? हिशेब आठवड्याने करता की महिन्याने?