मदत हवी आहे : नव्या डेस्कटॉपमधून दर दीड-दोन मिनिटांनी येणारी ‘टर्रर्र’

टीपकागद

नवा डेस्कटॉप जोडून सहा दिवस झालेत आणि त्यातून एक विचित्र आवाज येतोय. वस्तू बदलून घ्यायची मुदत दहा दिवसांची आहे, म्हणजे चारच दिवस हातात आहेत. नेमका कुठला भाग आवाज करतोय ते त्याआधी पक्कं करायचंय.

जोडणी अशी: रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ८ जीबीचं दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ४ टीबीची ७२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) हार्ड डिस्क आणि कॅबिनेटचे १२० मिमीचे तीन पंखे. मॉनिटर दोन आहेत, नवा १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा पडदा रंगवणारा) आणि जुना ६० हर्ट्झचा. दोन्ही ग्राफिक्स कार्डलाच जोडलेत.

आवाज पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आहे. तीनेक सेकंद येतो, मग दीड-दोन मिनिटं शांत, मग पुन्हा. ब्राउझर किंवा वर्ड उघडं असताना येतो, गेम सुरू असताना अजिबात येत नाही. सकाळी क्वचित, दुपारी सारखा. नागपूरचा मे महिना आहे, दुपारी खोलीत ३७ अंश असतात.

आतापर्यंत केलेलं: हार्ड डिस्कच्या साटा आणि पॉवर दोन्ही केबल काढून पाहिल्या, फरक नाही. कॅबिनेटचे तिन्ही पंखे एकेक करून काढले, तरी फरक नाही. बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) प्रोसेसरचा पंखा एकाच वेगावर ठेवला, आवाज तसाच. आता संशय एसएमपीएसवर आहे, कारण त्याचा पंखा हायब्रिड मोडमध्ये आहे, म्हणजे भार कमी असला की थांबतो.

सोल्डरगन

निम्मं काम तुम्ही आधीच केलंय. गेममध्ये नाही, रिकामं असताना आहे, दुपारी जास्त आहे. म्हणजे गरम झाल्यावर सुरू होणारं आणि गार झाल्यावर थांबणारं काहीतरी, जे गेममध्ये थांबतच नाही. तुमच्या मशीनमध्ये पूर्ण थांबण्याची मुभा असलेले पंखे दोनच ठिकाणी आहेत, एसएमपीएसमध्ये आणि ग्राफिक्स कार्डवर. ६५० वॅटच्या एसएमपीएसवर रिकाम्या मशीनचा ७०-८० वॅटचा भार असतो, तेवढ्यात हायब्रिड पंखा सहसा हलत नाही. म्हणून आधी कार्ड तपासा.

एचडब्ल्यूइन्फो६४ या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर वाचनाचा कालावधी २००० वरून १००० मिलिसेकंद करा आणि जीपीयूचं (कार्डवरच्या मुख्य चिपचं) तापमान, पंख्याचा आरपीएम, मेमरी क्लॉक (कार्डच्या मेमरीचा वेग) आणि वॅट यांचा लॉग (नोंद) अर्धा तास चालू ठेवा. आवाज आला की घड्याळातली वेळ सेकंदासकट लिहून ठेवा. लॉगशी वेळा जुळल्या तर प्रश्नच मिटला.

शिवाय अॅल्युमिनियम फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं पंख्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. पात्यांना लागू देऊ नका. नुसत्या कानाला आवाजाची जागा कळत नाही, कारण पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये तो सगळीकडून येतोय असं वाटतं. नळीने चटकन कळतं.

आणि एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ राहतो.

रात्रपाळी

कॉइल व्हाइन (तारेच्या वेटोळ्यांचा आवाज) हा पर्याय यादीतून काढून टाका. तो बारीक ‘चिंईंई’ असा आवाज असतो. वीज बदलत गेली की कॉइलची तार आणि गाभा थरथरतात, त्यातून तो निघतो. भार वाढला की वाढतो. गेमच्या मेनूत हजारभर एफपीएस (सेकंदाला चित्रं) जात असतील तर सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि एफपीएसला मर्यादा घातली की कमी होतो. तुमचं लक्षण बरोबर उलटं आहे.

एक विचारतो, मशीन इन्व्हर्टरवर आहे का? इन्व्हर्टरच्या चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर बरेच एसएमपीएस गुरगुरतात. लाइट गेल्यावरच आवाज येत असेल तर शोध वेगळ्या दिशेने करावा लागेल.

टीपकागद

इन्व्हर्टरवर नाही, आणि लाइट असतानाच आवाज येतोय.

अर्ध्या तासाच्या लॉगमध्ये १७ वेळा आवाज आला, सतराही वेळा जुळल्या. जीपीयू ५५ अंशांवर पोचतो, आरपीएम ० वरून ११०० वर जातो, त्या चढत्या तीन सेकंदांत ‘टर्रर्र’ येते. मग २५ सेकंद पंखा मुकाट फिरतो, तापमान ४८ वर येतं, पंखा थांबतो. नळीनेही तेच सांगितलं: एसएमपीएस शांत, कार्डच्या डाव्या पंख्यापाशी आवाज स्पष्ट.

एक गोष्ट खटकली. काहीच चालू नसताना मेमरी क्लॉक कमाल आकड्यावरच बसलाय आणि कार्ड ३४ वॅट खातंय.

सोल्डरगन

म्हणजे दुखणी दोन आहेत. त्यांची गल्लत करू नका.

पहिलं, पंखा सारखा सुरू का होतो? १६५ आणि ६० हर्ट्झचे मॉनिटर एकाच कार्डवर असले की दोन्ही पडद्यांचा ताल जुळत नाही. मेमरीचा वेग बदलायला पडदा रंगवण्यातली जी रिकामी फट लागते, ती दोन्हीकडे एकाच वेळी मिळत नाही. मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मेमरी वरच्याच वेगावर ठेवतो. त्यात ३७ अंशांची खोली आणि थांबलेले पंखे, मग ५५ गाठायला कितीसा वेळ लागणार? उपाय बिनपैशाचा आहे. ७६०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग आहेच, जुना मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. पडदा काळाच राहिला तर बायोसमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स ‘ऑटो’वरून ‘एनेबल्ड’ करा. तेही नको असेल तर नवा मॉनिटर १२० हर्ट्झवर आणून पाहा. ६० च्या दुपटीवर कधीकधी मेमरी खाली उतरते.

दुसरं, सुरू होताना तो वाजतो का? मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि आलेखातल्या लागोपाठच्या दोन उंच टोकांमधलं अंतर मोजा. ११०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १८ फेरे, एका फेऱ्याला साधारण ५५ मिलिसेकंद. पंख्याला ९ पाती असतील आणि एखादी केबल घासत असेल तर प्रत्येक पातं तिच्यावर आपटेल, म्हणजे टोकं ६-६ मिलिसेकंदांवर दिसतील. टोकं ५५ च्या आसपास असतील तर फेऱ्याला एकदाच काहीतरी होतंय, म्हणजे एका पात्याला काही चिकटलंय किंवा बेअरिंग डगमगतंय.

टीपकागद

टोकांमधलं अंतर सुरुवातीला ८० मिलिसेकंद, तिसऱ्या सेकंदापर्यंत ५६, म्हणजे फेऱ्याला एकदाच. मशीन बंद करून, प्लग काढून, बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पात्यांवर पॅकिंगच्या फिल्मचा तुकडा नाही, कॅबिनेटच्या पॅनलची केबलही पंख्यापासून चार बोटं दूर आहे. पंखा बोटाने हलकेच वर ढकलला तर डावा किंचित वर-खाली होतो, उजवाही तेवढाच.

रात्रपाळी

तेवढी ढिलाई चालते, अक्षाच्या दिशेने थोडी मोकळीक असतेच. आता एक चाचणी करा. कार्डचे पंखे तोंड खाली करून लटकलेले आहेत, रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) सगळं वजन एकाच बाजूला ओढतं. मशीन बंद करून कॅबिनेट आडवं करा, मदरबोर्डची बाजू खाली आणि काच वर, म्हणजे कार्ड उभं राहील. काच फरशीवर ठेवू नका, एका कोपऱ्यावर टेकली तरी फुटू शकते. सुरू करून पंखा फिरायची वाट पाहा. आवाज गेला किंवा बदलला तर बेअरिंग. स्लीव्ह बेअरिंगमध्ये तेलाचा थर पंखा फिरायला लागल्यावरच बनतो, त्याआधीच्या क्षणी रोटर डगमगतो.

टीपकागद

आडवं केल्यावर दहा वेळा पंखा सुरू झाला, दहाही वेळा आवाज नाही. उभं केलं की पुन्हा टर्रर्र.

जुना मॉनिटर मदरबोर्डला लावला. कार्ड ३४ वरून १३ वॅटवर आलं, भर दुपारी ४६ अंशांवर थांबलंय, तासाभरात पंखा एकदाही फिरला नाही. मग कार्ड ठेवू का?

सोल्डरगन

आफ्टरबर्नर या कार्ड-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा किमान वेग ३० टक्क्यांवर कायम ठेवला की चालू-बंद संपेल. दिवसातून एकदा तीन सेकंद वाजेल, एवढंच. कार्ड तरी थंड राहील.

रात्रपाळी

इथे मात्र असहमत. मॉनिटर हलवलात ते योग्यच, ते तसंच राहू द्या. पण पहिल्या आठवड्यात वाजणारं बेअरिंग झाकून ठेवू नका. तेल कमी असेल तर आवाज वाढत जाईल, आणि नंतर वॉरंटीत कार्ड पाठवलं की कितीतरी दिवस मशीन कार्डाशिवाय. आज बदलून मिळतंय ना, मग घ्या.

तक्रारीत नुसतं ‘आवाज येतो’ लिहू नका, कॉइल व्हाइन समजून नाकारतील. ‘डावा पंखा ० ते ११०० आरपीएम जाताना खडखडतो’ असं लिहा. एकाच चित्रीकरणात पंखा जवळून आणि पडद्यावरचा आरपीएम दोन्ही दिसू द्या. चित्रीकरणापुरता दुसरा मॉनिटर परत कार्डला लावा, नाहीतर आवाजच यायचा नाही.

सोल्डरगन

मुदत चालू आहे म्हटल्यावर रात्रपाळींचं बरोबर. मीही बदलूनच घेईन. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिटी आधी दाबा, तिथे जोर केला की मदरबोर्डही जातो.

टीपकागद

चित्रीकरण झालं, तक्रार आजच टाकली. नवं कार्ड आलं की सगळ्यात आधी उभ्या कॅबिनेटमध्ये पंखा दहा वेळा शून्यावरून सुरू करून पाहतो आणि इथे लिहितो.