'उजवं हृदय वाढलंय' म्हणजे नक्की काय वाढलंय?

ओसाडगावकर: चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारावरचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'इसीजीवरून हृदयाच्या उजव्या बाजूची वाढ ओळखता येते' असं लिहिलं, तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'वाढ' खोडून 'अतिपुष्टी' केलं. गावातल्या बाईला काय कळणार? दुसरा शब्द सुचवा.

आडवातिडवा: भिंत जाड होणं वेगळं, कप्पा फुगणं वेगळं. 'अतिपुष्टी' फक्त पहिल्याला. उजवं अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, वाढलं की इसीजीच्या दुसऱ्या लीडमध्ये (नोंदीच्या एका दिशेत) पी लहर 2.5 मिमीहून उंच आणि टोकदार दिसते. निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत जाड झाली की व्ही 1 या छातीवरच्या लीडमध्ये आर ही वर जाणारी लहर 7 मिमी किंवा जास्त, शिवाय एस या खाली जाणाऱ्या लहरीपेक्षा मोठी, आणि हृदयातल्या विजेचा अक्ष उजवीकडे. 'जाडी' आणि 'फुगवटा' घ्या, झालं.

शेंगदाणा: अलिंद, निलय? आम्ही कर्णिका-जवनिका शिकलो!

आडवातिडवा: जवनिका म्हणजे पडदा हो. रक्त काय पडद्यातून ढकलायचं?

शेंगदाणा: 'जवन' म्हणजे वेगवान. रक्त जोरात फेकते ती जवनिका.

पोथीवाला: ही व्युत्पत्ती घरची दिसते. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. रक्त आधी ओसरीवर टेकतं, मग आत जातं. याहून चपखल काय हवं? खटकतो तो 'इसीजी'. हृदयालेख म्हणा.

टिकली: म्हणा तुम्ही. आमच्याकडे अजून कार्डिओग्रामच काढतात. आणि 'उजवं' जपून वापरा. 'उजवं हृदय वाढलंय, डावं ठीक आहे' हे ऐकल्यापासून आमच्या मावशीला दोन हृदयं आहेत. वर उजवं म्हणजे सरस, त्यामुळे ती निश्चिंत!

रात्रपाळी: शब्द राहू द्या, वाक्यच चुकलंय. 'ओळखता येते' नको, 'शंका येते' लिहा. धुरानं फुफ्फुसं फुगली की छातीवरच्या लहरी खुजट येतात, 7 मिमी भरतच नाहीत. कार्डिओग्राम नॉर्मल असूनही उजवी बाजू ताणलेली असू शकते. उलट उजव्या बंडल ब्रांचचा ब्लॉक, म्हणजे उजव्या निलयाकडे वीज नेणाऱ्या वाटेत अडथळा, असेल तर भिंत जाड नसतानाही व्ही 1 मधली आर उंच दिसते. खात्री इकोनं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनं, करायची.

पोथीवाला: 'नॉर्मल'ला 'प्राकृत' चालेल.

टिकली: प्राकृत? ती भाषा ना?

ओसाडगावकर: रात्रपाळी, 'शंका येते' घेतलं. पण 'अतिपुष्टी'चं काय करू? उद्या छपाईला जायचंय.

शेंगदाणा: त्याआधी कुणीतरी सांगा, 'तो अलिंद' की 'ते अलिंद'?