विषय: रिप्लाय: गणपतीच्या नाटकातली मुख्य भूमिका

नमस्कार मंडळी,
ऑडिशन्स झाल्या. मुख्य भूमिकेसाठी त्या सिंगिंग कॉन्टेस्टवाल्या मुलीचं नाव पुढे आलंय, पण कमिटीत दोन तट पडलेत. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी रविवारपर्यंत लिहा. आणि प्लीज, रिप्लाय-ऑल करताना मागच्या सगळ्या मेल्स जोडू नका.
– नाट्यसमिती

---

माझं विचाराल तर नको. कॉन्टेस्टमध्ये मुखडा, एक अंतरा, की लगेच टाळ्या. नाटकात गाणं संपल्यावर पण तिथंच उभं राहायचं असतं, समोरच्याचं ऐकायचं असतं, ते कोण शिकवणार? स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

---

काका, राग नाही, पण आपण राहतो त्या देशातलंच उदाहरण देते. २००४ चं अमेरिकन आयडॉल, ती टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, आठवतंय? फँटेजिया बरिनो जिंकली, डायना डिगार्मो दुसरी आली आणि जेनिफर हडसन सातव्या नंबरवर बाहेर पडली. तिघीही पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, उभ्या राहिल्या! डिगार्मो २००६ मध्ये 'हेअरस्प्रे' या संगीत नाटकात, फँटेजिया २००७ मध्ये 'द कलर पर्पल' या संगीत नाटकात, आणि हडसनने आधी सिनेमासाठी ऑस्कर घेतलं आणि मग २०१५ मध्ये त्याच 'कलर पर्पल'च्या नव्या प्रॉडक्शनमध्ये शग एव्हरीची भूमिका केली.

फँटेजियाचा प्रयोग आम्ही न्यूयॉर्कला बघितला होता, तिकिटं महाग म्हणून हे वरच्या बाल्कनीत बसून अख्खा पहिला अंक कुरकुरत होते. तिची भूमिका सीलीची, म्हणजे जॉर्जियातली गरीब काळी मुलगी, चौदाव्या वर्षापासून पुढची चाळीसेक वर्षं एकाच नटीने करायची, आणि बराच वेळ ती दबलेली, मान खाली. म्हणजे जिचा आवाज छप्पर फाडतो तिने तो गिळून बसायचं. शेवटाकडे 'आय अ‍ॅम हिअर' हे गाणं येतं तेव्हा कुठे ती मोकळी होते. नुसती कॉन्टेस्टवाली असती तर पहिल्याच गाण्यात सगळं उधळून मोकळी झाली असती, हिने नाही केलं. आणि फँटेजिया तर शाळा सोडलेली, सतराव्या वर्षी आई झालेली, नीट वाचता येत नव्हतं हे तिने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय.

आपल्याकडे वसंतराव देशपांडे 'कट्यार'मध्ये खाँसाहेब झाले तेव्हा ते काय नाट्यशाळेतून आले होते का?

---

ताई, वसंतरावांना मध्ये आणू नका, त्यांच्यामागे केवढी तालीम होती. आणि फँटेजियाचं अर्धंच सांगितलंत. तिने बरेच प्रयोग चुकवले होते, लोक तिकीट काढून जायचे आणि दुसरीच सीली समोर यायची. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग, बुधवारी-शनिवारी बहुतेक दोन-दोन. टीव्हीवर आठवड्यातून एकदा गाणाऱ्या गळ्याला ही मजुरी कशी झेपणार?

---

चुकवले, मान्य. पण म्हणूनच तर तिथे प्रत्येक मोठ्या भूमिकेला अंडरस्टडी, म्हणजे ऐनवेळी उभी राहणारी बदली नटी, असते ना. आपल्याकडे एकच प्रयोग, तोही जेवणानंतर, आणि मागच्या वर्षी आपला हिरो ढोल बडवून घसा बसवून आला होता तेव्हा पर्याय कोण होतं? कोणी नाही. प्रॉम्प्टरने गायलं. आणि फँटेजिया पुढे २०२३ च्या सिनेमात पुन्हा सीली झालीच, आधी तयार नव्हती कारण पहिल्या वेळी त्या भूमिकेनं तिला फार त्रास दिला होता.

मला वाटतं मुलीला घ्या, पण पहिले दोन आठवडे तिला पदं गाऊच देऊ नका, नुसते संवाद म्हणू दे. आणि वन्समोअर बंद. त्या नादात ती लगेच भूमिकेतून बाहेर येऊन कॉन्टेस्टमधल्यासारखी हात हलवायला लागेल.

---

वन्समोअर बंद??? मग मी येत कशाला? बाकी मंजूर. अंडरस्टडी म्हणून माझ्या सुनेचं नाव लिहा, गाते बरी, संवाद मी पाठ करून घेतो. तालीम किती वाजता ते कळवा, आणि बेसमेंटचं हीटर आधी चालू करून ठेवा.