प्रतिसाद: वायफाय नको, केबलच लावा

लिनक्सच्या संगणकावर फोनचे इंटरनेट कसे वापरावे, या चर्चेत कुणी तक्रार केली की वायफाय हॉटस्पॉटने फोन तापतो आणि बॅटरी तासाभरात खाली येते. ती रास्त आहे. पण त्यावर सुचवलेला उपाय, म्हणजे डब्ल्यूव्हीडायल या जुन्या डायल-अप प्रोग्रामने *९९# फिरवून नेट जोडण्याचा, आता विसरा. तो नोकियाच्या जमान्यातला, फोन खरोखर मोडेम म्हणून दिसायचा तेव्हाचा. आजचा अँड्रॉइड फोन लिनक्सला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो.

केबल जोडा, मग फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलमधून संगणकाला देणे) सुरू करा. केबल लावण्याआधी तो पर्याय फिका दिसतो. उबंटू, मिंट, फेडोरा, लिनक्सचा कुठलाही प्रकार असो, त्यातला नेट जोडणारा नेटवर्क मॅनेजर 'वायर्ड कनेक्शन' म्हणून आपोआप जोडून घेतो. लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, फोन चार्जही होत राहतो. केबल लावूनही पर्याय फिकाच राहिला तर आधी केबल बदला. स्वस्त केबलींत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात. आयफोन असेल तर त्याच्याशी यूएसबीवरून बोलणारा यूएसबीमक्सडी हा प्रोग्राम हवा आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबायला हवे.

याचा खरा फायदा लिनक्स नव्याने इन्स्टॉल करताना. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय चिपचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर! अशा वेळी अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडून टेदरिंग करा, मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

मोबाइल डेटावरच असाल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेले) करून ठेवा. उबंटूतल्या स्नॅपला, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या व्यवस्थेला, मात्र वेगळे बजावावे लागते, नाहीतर तो अपडेटच्या नावाखाली दिवसाचा डेटा गुपचूप गिळू शकतो.