मागच्या दाराचं लॅच प्लास्टिकच्या पट्टीने उघडतं! मदत हवी आहे

घरात मी आणि आई, दोघीच. नवरा महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळीला. गेल्या आठवड्यात रात्री पावणेतीनला मागच्या दाराची मूठ कुणीतरी हळूच खाली दाबली. मग थांबला. मग परत. मी पॅसेजमध्ये काठी घेऊन उभी. ओरडावं तर घशातून आवाजच फुटेना! दोन-तीन मिनिटांनी पावलं लांब गेली. सकाळी लॅचशेजारी चौकटीवर दोन ताजे ओरखडे दिसले. पोलिसांत कळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी कुलुपवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली, दार आणि चौकटीच्या फटीत सरकवली, जरा वाकवली आणि खट्! लॅचची जीभ उतरती असते, तिला पट्टीने ढकललं की ती आपसूक मागे जाते म्हणे. इतकी वर्षं हे दार 'बंद' करून आम्ही निवांत झोपत होतो.

आता घरात जो येतो तो सल्ला देतो. भाऊ म्हणतो, उशाशी काठी ठेव आणि मिरचीचा स्प्रे घे. नवऱ्याला कॅमेरे हवेत. मला वाटतं, त्या रात्री मला हत्यार नको होतं, वेळ हवा होता. आईला पलंगावरून उठून चपला घालायलाच दोन मिनिटं लागतात.

तर प्रश्न: आधी खर्च दारावर करू की कॅमेऱ्यावर? स्प्रे घरात चालतो का? (आईला दमा आहे.) आणि खरंच कुणी आत आलं तर आम्ही दोघींनी नक्की काय करायचं?

प्रतिसाद १
आधी दार, डोळे झाकून. चोर आत शिरला तर कॅमेरा त्याचं चित्रीकरण करेल, त्याला अडवणार नाही. लॅचच्या जोडीला डेडबोल्ट (जाड दांड्याचं वेगळं कुलूप) बसवा. त्याचा दांडा चौकोनी असतो, पट्टीने मागे जात नाही. निदान एक इंच चौकटीत शिरला पाहिजे. पण खरी मेख चौकटीत आहे. दांडा जिथे शिरतो त्या लोखंडी पट्टीचा एक स्क्रू काढून बघा. बहुतेक पाऊण इंचाचा निघेल. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं, लाकूडच फाटतं. तिथे तीन इंची स्क्रू मारा, बिजागऱ्यांनाही. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या पिना बाहेरच्या बाजूला असतात, चोर त्या उपसू शकतो, तेही पाहा. साखळीच्या भरवशावर दार किलकिलं करू नका, एका धक्क्यात उपटते. आतून मात्र किल्लीचं कुलूप नको. आग लागली तर अंधारात किल्ली कुठे शोधाल?

प्रतिसाद २
मी स्वसंरक्षण शिकवते. ताई, बंद पॅसेजमध्ये स्प्रे मारलात तर खोकत तुम्हीही बसाल, आणि दम्याच्या माणसासमोर तर नावच काढू नका. काठीचंही तेच. अरुंद जागेत ती फिरवायला हात मोकळा मिळत नाही, आणि हिसकावली की त्याची होते. दोघी एका खोलीत, कडी लावून, फोन आत. पोलिसांना आधी पत्ता सांगायचा, मग बाकीचं. चार्जर कायम त्याच खोलीत ठेवा. मनगट धरलंच, तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवा. पकड तिथेच कच्ची असते. सुटलात की पळा, मारामारीत पडू नका. आणि आवाज फुटत नाही ना, मग शिट्टी ठेवा गळ्यात. चेष्टा नाही, भीतीने घसा खरंच आवळतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. स्क्रू काढला, पाऊण इंचसुद्धा नव्हता! काल डेडबोल्ट बसला. आईला योजना सांगितली तर म्हणाली, "मला तुझ्याकडे चालवत नेऊ नकोस. तूच माझ्या खोलीत ये." बरोबर आहे, सुचलंच नव्हतं. पण तिच्या दाराची कडी वर आहे, तिचा हात पोचत नाही. खाली लावली आणि एकटी असताना ती आत पडली तर मी बाहेरून कशी उघडू? बाथरूमला असतं तसं, बाहेरून नाण्याने फिरणारं लॉक चालेल का?

प्रतिसाद १
नाण्याने तुम्ही उघडाल तसा चोरही उघडेल. आतून हाताने फिरवायची खुंटी आणि बाहेरून किल्ली, असं लॉक मिळतं, ते तिच्या कमरेच्या उंचीवर बसवा. बाहेरची किल्ली घरात दाराजवळ टांगू नका. एक तुमच्याजवळ आणि एक शेजारी, विश्वासातल्या माणसाकडे.