प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत इंटर्नना शिकवावे कसे?

प्रश्न – वैद्यकीय अधिकारी, अक्कलकोट तालुका

मी अक्कलकोट तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमधील जनऔषधवैद्यकशास्त्राच्या (कम्युनिटी मेडिसिन) १२ आठवड्यांपैकी काही आठवडे आमच्याकडे दोन-दोन इंटर्न येतात. बाजाराच्या दिवशी सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर केसपेपर निघतात, आणि लसीकरण, बैठका व ऑनलाइन नोंदी यांतून मला सुटका नसते. अशा गर्दीत इंटर्नला स्वतंत्रपणे रुग्ण तपासू दिला तर रांग अडते, आणि माझ्या शेजारी नुसते बसवून ठेवले तर तो तासाभरात मोबाइलवर पीजी प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवू लागतो, ज्याचा दोष मी त्याला तरी किती देणार?

गेल्या महिन्यात घडलेला एक प्रसंग मला अजून टोचतो. एका इंटर्नने पन्नाशीच्या एका बाईंच्या केसपेपरवर रक्तदाब १२०/८० लिहिला होता. त्यांचा चेहरा पाहून मला शंका आली, म्हणून मी स्वतः मोजला तेव्हा तो १७८/१०४ निघाला. त्याने पट्टा बांधलाच नव्हता, हे उघड होते. मी त्या बाईंच्या आणि रांगेतल्या चार जणांच्या देखत त्याला फैलावर घेतले. त्यानंतरचे सगळे दिवस तो वेळेवर आला, सांगितलेले सगळे केले, पण स्वतःहून एक शब्दही बोलला नाही. मी रागावले हे चुकले असे मला वाटत नाही. मात्र ज्या रीतीने रागावले त्याने तो काही शिकला नाही, हे मला कळते. रुग्णांचा खोळंबा होऊ न देता आणि त्यांच्या जिवाशी खेळ होऊ न देता इंटर्नच्या हाती नेमके किती काम सोपवावे, आणि त्याची चूक दुरुस्त कशी करावी?

उत्तर १ – वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक, सोलापूर

मॅडम, पहिली गोष्ट नियमाची. इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते आणि त्याने देखरेखीखालीच काम करायचे असते. वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला किंवा न्यायवैद्यकीय कागद त्याने स्वतःच्या सहीने देणे नियमाला धरून नाही. त्यामुळे अंतिम सही तुमचीच आणि जबाबदारीही तुमचीच. परंतु सही करणे आणि देखरेख करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीलाच दुसरी समजण्याची सवय पडली आहे.

वेळेचा प्रश्न बराचसा रांगेच्या मांडणीने सुटतो. इंटर्नला बाजूच्या टेबलावर एक रुग्ण द्यावा आणि तेवढ्या वेळात आपण आपले तीन-चार रुग्ण पाहावेत. मग त्याचा रुग्ण दोघांनी मिळून संपवावा आणि त्याला पुढचा द्यावा. तासाला त्याचे तीनच रुग्ण झाले तरी चालतील. मात्र ते केसपेपर आपण निवडून द्यावेत. पहिल्या आठवड्यात मधुमेह आणि रक्तदाबाचे फेरतपासणीचे रुग्ण, पुढे खोकला आणि ताप, आणि पोटदुखीची तरुण स्त्री मात्र तुम्ही शेजारी असतानाच.

शिकवण्याच्या रीतीबद्दल सांगायचे, तर अमेरिकेत कुटुंबवैद्यक शिकवणाऱ्या नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली, जी आज ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ या नावाने ओळखली जाते. इंटर्नने रुग्णाची हकीकत सांगितली की आपण लगेच निदान सांगून मोकळे होतो. इथेच थांबायचे असते. आधी त्याला विचारावे, “तुला काय वाटते?” त्याने काहीतरी एक नाव घेतलेच पाहिजे, चुकले तरी हरकत नाही. मग विचारावे, “कशावरून?” या दुसऱ्या प्रश्नातच त्याला काय येते आणि तो कुठे अंदाज ठोकतो आहे, हे उघडे पडते. त्यानंतर त्या रुग्णातून पुढेही उपयोगी पडेल असा एकच नियम सांगावा, जे बरोबर केले ते नेमके नाव घेऊन सांगावे आणि जे चुकले ते दुरुस्त करावे. “छान केलेस” याने काहीच कळत नाही. “खोकला १५ दिवसांवर गेला हे ऐकताच तू क्षयरोगाच्या शंकेने थुंकीची तपासणी लिहिलीस, ते बरोबर केलेस” यातून कळते.

आता रक्तदाबाबद्दल. तुमच्या इंटर्नने केले ते अप्रामाणिक होतेच, यात दुमत नाही. पण असे १२०/८० आपल्या सगळ्यांच्या नोंदवह्यांत सापडतील. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर घेतलेल्या नोंदींत शेवटचा अंक शून्य येण्याचे प्रमाण अवाजवी दिसले, तर मोजणाऱ्याने आकडा गोल केला किंवा मोजलाच नाही असे समजावे. पहिल्याच दिवशी इंटर्नसमोर एका रुग्णाचा रक्तदाब पूर्ण पद्धतीने घेऊन दाखवावा. पाच मिनिटे बसवून, पाठीला टेका देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि दंडाच्या मापाचा पट्टा वापरून. त्यानंतर त्याने घेतलेल्यांपैकी दिवसाला दोन रुग्णांचा रक्तदाब आपण पुन्हा घ्यावा, आणि घेणार आहोत हे त्याला आधीच सांगून ठेवावे. एवढ्याने बहुतेक मुले सरळ होतात, असा माझा अनुभव आहे. रुग्णाला धोका असेल तर तिथल्या तिथे आकडा दुरुस्त करणे भाग असते, आणि तेव्हा रुग्णाला “आपण पुन्हा एकदा मोजू” एवढेच म्हणावे. बाकीचे बोलणे ओपीडी संपल्यावर, दार लावून.

उत्तर २ – जनरल प्रॅक्टिशनर, पूर्वभाग, सोलापूर

वरील सरांच्या उत्तरात भाषेचा मुद्दा राहिला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो मला सगळ्यात मोठा वाटतो. माझ्या दवाखान्यात यंत्रमागावर काम करणारे आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया येतात. घरी तेलुगू, शेजारी मराठी आणि बाजारात दखनी. अक्कलकोटला तेलुगूच्या जागी कन्नड. शासकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असल्याने मराठीही नवी असलेला इंटर्न आपल्या टेबलाशी बसलेला असू शकतो.

दवाखाना पाहायला माझ्याकडे काही दिवस येणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका आजींच्या कागदावर डोळ्यांची तक्रार लिहून त्यांना नेत्रतपासणीला पाठवण्याची तयारी केली होती. आजी म्हणत होत्या, “कळ्ळु तिरुगुतुन्नाय.” शब्द धरले तर डोळे फिरतात, पण अर्थ चक्कर येते. रक्तदाबाची गोळी दुप्पट घेत होत्या, एवढाच प्रकार होता. मराठीतही तेच आहे. “अंगावरून वारं गेलं” म्हणजे पक्षाघात आणि “अंगावरून पांढरं जातं” म्हणजे योनिमार्गाचा स्राव, हे पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलालाही कुणी सांगितलेले नसते. मी अशा वाक्यांची एक वही ठेवली आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाने तीत एक तरी भर घालायची असा दंडक आहे. आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याइतके चांगले दुभाषी आपल्याला मिळणार नाहीत, पण त्यांनी अर्थ सांगावा, प्रश्न इंटर्ननेच विचारावा.

दुसरे म्हणजे रुग्णाची परवानगी. इंटर्न समोर बसलेला असताना “हे तपासतील, चालेल ना?” असे विचारले तर नाही कोण म्हणणार? केसपेपर काढतानाच विचारावे, आणि नको म्हणणाऱ्याला तुमच्याच रांगेत ठेवावे. स्त्रीची तपासणी असेल तर खोलीत आरोग्यसेविका हवीच. हे सांगावे लागू नये, पण लागते. आणि व्यवसाय विचारायला शिकवा. मान दुखते म्हणून आलेली बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, हे कळल्याशिवाय तिला दिलेली गोळी वाया जाते.

उत्तर ३ – इंटर्न

मी सध्या ग्रामीण पोस्टिंगवर आहे. मॅडम, तुमच्या इंटर्नची बाजू मी घेत नाही, कारण न मोजता आकडा लिहिणे समर्थनीय नाही. पण आम्हाला पोहोचल्या दिवशी रजिस्टर हातात दिले जाते, रकाने भरायला सांगितले जाते आणि तो रकाना रिकामा राहिला तर बोलणी बसतात. आकडा खरा आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळाले ते सर्पदंशाच्या एका रुग्णाच्या वेळी. सरांनी माझ्या हातात कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी दिली, २ मिलिलिटर रक्त घ्यायला लावले आणि २० मिनिटे नळी न हलवता घड्याळ पाहत बसवले. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी का चालत नाही, हे त्या २० मिनिटांत त्यांनी सांगितले. रक्त गोठले नाही, म्हणजे विषाचा रक्तावर परिणाम झाला होता, आणि ते माझ्या हातून कळले. माझे काम खरे होते आणि त्यावर पुढचा निर्णय ठरणार होता.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. दोन आठवडे बाजूच्या टेबलाची पद्धत करून पाहिली. ओपीडी रोजच्यापेक्षा साधारण वीस मिनिटे उशिरा संपते, ते मला परवडते. “कशावरून?” हा प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसणे मात्र मला फार जड जाते, अजूनही निम्म्या वेळा मीच बोलून जाते. ज्या इंटर्नला मी सर्वांसमोर बोलले तो आता दुसऱ्या पोस्टिंगवर आहे, त्याला फोन करून बोलण्याच्या पद्धतीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आकड्याबद्दल नाही. लसीकरणाच्या दिवशी मात्र ही मांडणी कोलमडते, कारण मी आणि आरोग्यसेविका दोघीही अडकलेल्या असतो.

उत्तर ४ – वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक, सोलापूर

लसीकरणाच्या दिवशी इंटर्नना ओपीडीत बसवूच नका. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवायचे असते, आणि तो अर्धा तास आई रिकामी असते. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुन्हा कधी यायचे, ताप किंवा सूज आली तर काय करायचे आणि कार्ड जपून आणायचे, हे चार निरोप इंटर्नने आईला द्यावेत आणि निघताना तिच्याकडून ते परत वदवून घ्यावेत. किती आयांना चारही सांगता आले, एवढा आकडा दुपारी तुम्हाला आणून द्यायला सांगा. आणि त्यांतल्या दोघींना जाता जाता तुम्ही स्वतः विचारा.